टेस्ट ऑटोमेशनची कॉन्फिग: कुठली सेटिंग कुठल्या फाइलीत ठेवायची

एका शुक्रवारी संध्याकाळी घरी निघता निघता मी एक साधा आदेश दिला: फक्त 'स्मोक' अशी खूण असलेल्या, म्हणजे मुख्य गोष्टी चालतात का ते झटपट बघणाऱ्या, टेस्ट्स चालव. दहा मिनिटांत टीममधल्या एकाचा फोन. "अगं, मला ओटीपीवर ओटीपी येतायत. तू काही चालवलंयस का?" आमच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे टेस्ट्सच्या सेटिंग्जच्या फाइलीत, तर स्वच्छ लिहिलं होतं की एसएमएस पाठवणाऱ्या टेस्ट्स चालवायच्या नाहीत. माझ्याच हातांनी लिहिलं होतं. नशीब इतकंच की त्या सर्व्हरवरचे सगळे नंबर टीमच्याच माणसांचे होते.

तोवर मला वाटायचं, टेस्ट लिहिणं हे खरं काम आणि कॉन्फिग म्हणजे त्याच्या आजूबाजूचं सामानसुमान. मॅन्युअल टेस्टिंगमधून ऑटोमेशनकडे येणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. पायथन शिकतो, ब्राउझर चालवणारं सिलेनियम किंवा प्लेराइट शिकतो, पण एखादी सेटिंग कुठून आली हे शोधायला कुणी शिकवत नाही. म्हणून हे लिहितेय. उदाहरण पायथन आणि पायटेस्टचं (पायथनमध्ये टेस्ट्स चालवणाऱ्या साधनाचं) घेतलंय, कारण रोज हात त्यातच असतात. जावा किंवा जावास्क्रिप्टवाल्यांना फाइलींची नावं बदलून घ्यावी लागतील. खड्डे साधारण तेच आहेत.

एक खुलासा आधीच. फाइलींची आणि पर्यायांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहायची.

सुरुवातीला जवळ काय हवं

- पायथन ३.११ किंवा पुढची आवृत्ती. टॉमल, म्हणजे सेटिंग्ज लिहायची एक फाइल-पद्धत, वाचणारं 'टॉमललिब' तिच्यात आयतं मिळतं.
- पायटेस्ट ७ किंवा पुढची आवृत्ती.
- '.एन्व्ह' नावाच्या फाइलीतल्या किमती वाचणारं 'पायथन-डॉटएन्व्ह' हे छोटं पॅकेज.
- गिट, आणि रेपोत (टीमचा कोड जिथं साठवतात तिथं) फाइल टाकायची परवानगी.
- टेस्ट सर्व्हरांची यादी: पत्ते, कुठल्या सर्व्हरला कुठला डेटाबेस जोडलाय, आणि मेसेज, ईमेल, पेमेंट यांपैकी काय तिथं खरं चालतं आणि काय नकली. ही यादी तुमच्या टीममध्ये लिहिलेली नसेल तर डेव्हऑप्सवाल्यांकडे बसून आधी ती करा. बाकी सगळं त्यानंतर.

## १. आहे त्या सेटिंग्जचे तीन ढीग करा

नवी फाइल उघडायच्या आधी जुन्या कोडमध्ये शोध घ्या. 'एचटीटीपी' शोधा, 'पासवर्ड' शोधा, 'स्लीप' शोधा. पत्ता एका टेस्टमध्ये, टाइमआउट दुसऱ्या फाइलीत, ॲडमिनचं लॉगिन तिसरीकडे, असं विखुरलेलं सापडेल. सापडलेली प्रत्येक गोष्ट या तिन्हींपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग पायटेस्टला लागणाऱ्या सेटिंग्जचा: टेस्ट्स कुठल्या फोल्डरात आहेत, कुठल्या खुणा आहेत, रिपोर्ट कसा हवा. दुसरा ढीग ज्या ॲपची परीक्षा घ्यायची त्याच्या माहितीचा: पत्ता, पोर्ट, टाइमआउट, ब्राउझर. हा सर्व्हरागणिक बदलतो. तिसरा ढीग गुपितांचा: पासवर्ड, टोकन वगैरे.

टेस्ट डेटा, म्हणजे चुकीचा पिनकोड, कालबाह्य कूपन वगैरे, यात धरू नका. तो कॉन्फिग नाही. त्याला 'डेटा' नावाचं वेगळं फोल्डर द्या. सुरुवातीला मी दोन्ही एकत्र ठेवले होते आणि सहा महिन्यांनी ती फाइल उघडायलाही कुणी धजावत नव्हतं.

शेवटी मांडणी साधारण अशी होते:

```
प्रकल्प/
    पायप्रोजेक्ट.टॉमल
    सेटिंग्ज.पीवाय
    .एन्व्ह               (गिटमध्ये जात नाही)
    .एन्व्ह.नमुना          (गिटमध्ये जाते)
    कॉन्फिग/
        मूळ.टॉमल
        लोकल.टॉमल
        क्यूए.टॉमल
        यूएटी.टॉमल
    डेटा/
    टेस्ट्स/
        कॉन्फटेस्ट.पीवाय
        एपीआय/
            कॉन्फटेस्ट.पीवाय
        यूआय/
            कॉन्फटेस्ट.पीवाय
```

## २. पायटेस्टची फाइल एकच ठेवा

पायटेस्ट आपल्या सेटिंग्ज बऱ्याच ठिकाणी शोधतं: पायटेस्ट.इनी, पायप्रोजेक्ट.टॉमल, टॉक्स.इनी, सेटअप.सीएफजी. इथं नवख्यांचा हमखास एक गैरसमज होतो. त्यांना वाटतं, चारही फाइलींतलं थोडं थोडं गोळा होत असेल. तसं होत नाही. नियमात बसणारी पहिली फाइल सापडली की शोध थांबतो आणि बाकीच्या फाइली जणू नाहीतच.

त्यात पायटेस्ट.इनी नुसती असली तरी पुरते. रिकामी असली तरी ती जिंकते. कुणी प्रयोग म्हणून बनवली, आतला मजकूर पुसला आणि फाइल तशीच कमिट केली, तर पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये कष्टाने लिहिलेलं सगळं निकामी. एररही येत नाही.

म्हणून एकच फाइल निवडा आणि बाकीच्या उडवा. मी पायप्रोजेक्ट.टॉमल वापरते, कारण फॉरमॅटर आणि लिंटरच्या सेटिंग्जही तिथंच मावतात. पायटेस्ट ६.० पासून, म्हणजे २०२० पासून, ही सोय आहे, तिथं 'टूल.पायटेस्ट.इनी_ऑप्शन्स' या मथळ्याखाली लिहायचं. सेटअप.सीएफजी मात्र टाळा. तिचं वाचन वेगळ्या पद्धतीने होतं आणि पायटेस्टचे कर्तेही ती नको म्हणतात.

त्या फाइलीत किमान एवढं असावं:

टेस्टपाथ्स. टेस्ट्सचं फोल्डर. नाहीतर पायटेस्ट अख्खा प्रकल्प धुंडाळत बसतं.

पायथनपाथ. ही सोय ७.० पासून आहे. इथं टिंब, म्हणजे मूळ फोल्डर, लिहा. 'पायथन -एम पायटेस्ट' म्हटलं की चालतं आणि नुसतं 'पायटेस्ट' म्हटलं की सेटिंग्ज मॉड्यूल सापडत नाही, अशी तक्रार दर नव्या माणसाकडून येते. पहिल्या पद्धतीत चालू फोल्डर पायथनच्या शोधयादीत आपोआप जातं, दुसऱ्या पद्धतीत जात नाही. फरक एवढाच.

मार्कर्स. सगळ्या खुणांची यादी, प्रत्येकीपुढे एका ओळीत अर्थ. सोबत 'स्ट्रिक्ट-मार्कर्स' चालू करा. मग कुणी टेस्टवर 'स्मोक'ऐवजी 'स्मोकी' अशी खूण लावली तर लगेच एरर येते. एरवी नुसती वॉर्निंग येते आणि वॉर्निंग कोण वाचतंय.

ॲडऑप्ट्स. दर वेळी आदेशात आपोआप घालायचे पर्याय. माझा शुक्रवारचा घोळ इथंच झाला होता, म्हणून जरा थांबून सांगते.

मी ॲडऑप्ट्समध्ये '-एम नॉट एसएमएस' असं लिहिलं होतं. त्या संध्याकाळी टर्मिनलवर '-एम स्मोक' दिलं. मला वाटलं, दोन्ही अटी लागतील: स्मोक असलेल्या, पण एसएमएस नसलेल्या. पण पायटेस्ट ॲडऑप्ट्समधले पर्याय मी टर्मिनलवर दिलेल्या पर्यायांच्या आधी जोडतं, आणि '-एम' दोनदा आला की नंतरचा धरतं. माझी 'एसएमएस नको' ही अट गळून पडली. ओटीपीने लॉगिन करायच्या टेस्टवर दोन्ही खुणा होत्या. झालं.

यावरून घ्यायचं ते हे: ॲडऑप्ट्स ही सोयीची जागा आहे, कुलूप लावायची नाही. टेस्टमुळे बाहेर काही घडणार असेल, म्हणजे मेसेज, ईमेल, पैसे, तर त्याचं कुलूप कॉन्फटेस्टमध्ये लावा. कसं ते पुढच्या पायरीत.

आणखी एक बारीक गोष्ट. 'स्ट्रिक्ट-मार्कर्स' टेस्टवर लावलेली खूण तपासतं. '-एम' पुढे तुम्हीच नाव चुकवलंत तर ते ओरडत नाही. 'नॉट एसएमस' लिहिलंत तर अशी खूण कुठल्याच टेस्टवर नसल्यामुळे सगळ्या टेस्ट्स त्या अटीत बसतात आणि चालतात. म्हणून नवा आदेश पहिल्यांदा देताना 'कलेक्ट-ओन्ली' हा पर्याय लावा. टेस्ट न चालवता फक्त यादी येते, किती निवडल्या आणि किती वगळल्या तेही दिसतं.

## ३. कॉन्फटेस्टची उतरंड

कॉन्फटेस्ट.पीवाय ही सेटिंग्जची फाइल नव्हे, पायथनचा कोड आहे. तिच्यात फिक्स्चर (टेस्टला लागणारी तयारी करून देणारी फंक्शन्स) आणि हुक (पायटेस्ट ठरावीक टप्प्यावर आपणहून बोलावतं ती फंक्शन्स) राहतात. ज्या फोल्डरात ती असेल त्या फोल्डराला आणि त्याच्या पोटातल्या फोल्डरांना तिच्यातले फिक्स्चर मिळतात, इम्पोर्ट न करता. यूआयच्या कॉन्फटेस्टमधलं 'ब्राउझर' हे फिक्स्चर एपीआयच्या टेस्टला दिसणार नाही, आणि तेच बरं. नाहीतर एपीआय टेस्टसाठी विनाकारण क्रोम उघडतं.

दोन्ही फोल्डरांना लागणारं तेवढंच वरच्या कॉन्फटेस्टमध्ये ठेवा. बाकीचं ज्याच्या त्याच्या घरी. एखादं फिक्स्चर कुठून येतंय कळेना, तर 'फिक्स्चर्स' हा पर्याय देऊन पायटेस्ट चालवा. नाव आणि फाइल दोन्ही छापून येतं. कुठलं फिक्स्चर कधी उभं राहतंय आणि कधी मोडतंय ते 'सेटअप-शो' दाखवतं. हे दोन पर्याय मला दोन वर्षांनी कळले. दोन वर्षं मी प्रिंट टाकत होते.

आता ते कुलूप. वरच्या कॉन्फटेस्टमध्ये दोन हुक लिहा. पहिला 'पायटेस्ट_ॲडऑप्शन': त्यात 'रन-एसएमएस' असा आपला स्वतःचा पर्याय जाहीर करा, मूळ किंमत 'नाही'. दुसरा 'पायटेस्ट_कलेक्शन_मॉडिफायआयटम्स': गोळा झालेल्या टेस्ट्सवरून एक फेरी मारा आणि तो पर्याय दिलेला नसेल तर एसएमएस खूण असलेल्या प्रत्येक टेस्टला 'स्किप' चिकटवा. आता '-एम' मध्ये कुणी काहीही लिहो, मुद्दाम मागितल्याशिवाय मेसेज जात नाही.

पर्याय जाहीर करणारा पहिला हुक यूआयच्या आतल्या कॉन्फटेस्टमध्ये टाकू नका. 'टेस्ट्स/यूआय' असा पत्ता देऊन चालवलं तर तो चालतो, मुळापासून चालवलं की 'असा पर्याय मला माहीत नाही' असं उत्तर येतं. कारण पर्याय वाचायच्या वेळेपर्यंत पायटेस्टने आतल्या फोल्डरातली कॉन्फटेस्ट उघडलेलीच नसते.

कॉन्फटेस्टमधून काही इम्पोर्टही करू नका. त्याच नावाच्या तीन फाइली आहेत, नेमकी कुठली येईल याचा भरवसा नाही. टेस्ट्सना लागणारी छोटी फंक्शन्स वेगळ्या नावाच्या फाइलीत ठेवा.

आणि एपीआय व यूआय या दोन्ही फोल्डरांत 'टेस्ट_लॉगिन' नावाची फाइल असेल तर 'इम्पोर्ट फाइल मिसमॅच' ही एरर येईल. फोल्डरांत रिकामी इनिट फाइल टाका, किंवा इम्पोर्ट-मोड 'इम्पोर्टलिब' ठेवा. किंवा सरळ नावं वेगळी ठेवा. मी तेच करते.

## ४. सर्व्हरागणिक एक फाइल, आणि सगळ्यांच्या पायाला मूळ.टॉमल

क्यूए (टेस्टरांचा सर्व्हर), यूएटी (वापरणाऱ्यांनी तपासायचा सर्व्हर), लोकल (आपलं मशीन) या प्रत्येकासाठी पूर्ण फाइल लिहायचा मोह होतो. लिहू नका. तीस ओळींची फाइल तीनदा नकललीत की दोन महिन्यांत तिन्हींचे टाइमआउट तीन प्रकारचे होतात आणि का ते कुणालाच आठवत नाही. मूळ.टॉमलमध्ये सगळ्या सेटिंग्ज ठेवा. क्यूए.टॉमलमध्ये फक्त जे वेगळं आहे ते. आमची क्यूएची फाइल सहा ओळींची आहे.

दोन फाइली एकत्र करताना मात्र सांभाळा. पायथनमध्ये दोन डिक्शनरी एकमेकींवर टाकल्या की वरवरच्या पातळीवरच मिसळतात. मूळ फाइलीत 'डेटाबेस' या मथळ्याखाली पत्ता, पोर्ट आणि टाइमआउट आहेत, आणि क्यूएच्या फाइलीत 'डेटाबेस' खाली फक्त पत्ता आहे. एकत्र केल्यावर पोर्ट आणि टाइमआउट गायब! आतला अख्खा कप्पाच बदलला जातो. कप्प्यात कप्पा असेल तर आत उतरून मिसळणारं दहा-बारा ओळींचं फंक्शन लिहा, आणि त्या फंक्शनचीही टेस्ट लिहा.

कुठला सर्व्हर हे 'टेस्ट_एन्व्ह' अशा एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या नावाच्या किमतीने, ठरवा. तो दिलेला नसेल तर 'लोकल' धरा. 'यूएटी' कधीही धरू नका. विसरणाऱ्या माणसाचं कमीत कमी नुकसान होईल अशी मूळ किंमत असावी.

याच ठिकाणी परवानगीची यादी ठेवा: सेटिंग्ज.पीवायने फक्त ओळखीचे पत्ते स्वीकारायचे, यादीबाहेरचा पत्ता दिसला की तिथल्या तिथे थांबायचं. 'लाइव्हचा पत्ता नको' अशी उलटी यादी करू नका. लाइव्हला उद्या दुसरं नाव मिळेल आणि तुमच्या यादीला पत्ताही लागणार नाही.

फाइली शोधताना चालू फोल्डरावर विसंबू नका. 'कॉन्फिग/क्यूए.टॉमल' असा पत्ता मुळातून चालवलं तर सापडतो, टेस्ट्सच्या फोल्डरातून चालवलं तर नाही. सेटिंग्ज.पीवाय स्वतः जिथं आहे तिथून रस्ता मोजा, पाथलिबने. आणि फाइलींच्या नावांत कॅपिटल अक्षरं नकोतच; विंडोजवर चालतात, लिनक्सच्या सर्व्हरवर फाइल सापडत नाही.

## ५. यामल की टॉमल: मुंबईचा ०२२

मी टॉमलवर का आले त्याची गोष्ट. आधी आमची कॉन्फिग यामल या दुसऱ्या फाइल-पद्धतीत होती. शाखांच्या यादीत एसटीडी कोड होते, अवतरणचिन्हांशिवाय. मुंबई ०२२, पुणे ०२०, नाशिक ०२५३, पणजी ०८३२. टेस्ट म्हणायची, मुंबईचा कोड १८ आहे, पुण्याचा १६, नाशिकचा १७१. पणजी तेवढी बरोबर!

पायथनमधलं पायवायएएमएल यामलच्या १.१ या जुन्या नियमांनी चालतं. त्यात शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा समजतात. अष्टमानातला २२ म्हणजे आपला १८. पणजीच्या कोडात ८ आहे, अष्टमानात ८ हा अंकच नाही, म्हणून तो मजकूर म्हणून सुटला. चारातला एक बरोबर आल्यामुळे आम्ही आणखीच चक्रावलो होतो.

त्याच नियमांत 'येस', 'नो', 'ऑन', 'ऑफ' यांचं खरं-खोटं होतं. नॉर्वेचा दोन अक्षरी देशकोड 'एनओ' लिहिलात तर 'खोटं' हाती येतं. यामल वापरणाऱ्यांत ही फजिती प्रसिद्ध आहे. वेळही सुटत नाही: २२:३० लिहिलं की साठाच्या पटीत मोजून १३५० मिळतात. ०९:३० मात्र शून्याने सुरू होतो म्हणून मजकूरच राहतो. पायथनची आवृत्ती ३.१० लिहिलीत तर ३.१ होते.

यामल वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. सीआयच्या, म्हणजे कोड बदलला की टेस्ट्स आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या, बहुतेक फाइली यामलमध्येच असतात, तेव्हा सुटका नाहीच. वापरायची तर मजकूर नेहमी अवतरणचिन्हांत लिहा. टॉमलमध्ये अवतरणचिन्हं सक्तीचीच आहेत. नुसतं ०२२ लिहिलं तर फाइल वाचायलाच नकार मिळतो. मला तो नकार आवडतो. चुपचाप १८ देण्यापेक्षा तोंडावर नाही म्हणणारं बरं.

टॉमललिब वापरताना फाइल बायनरी पद्धतीने उघडावी लागते, नाहीतर एरर येते. ते फक्त वाचतं, लिहीत नाही. जेसॉनमध्ये कॉमेंट लिहिता येत नाही, म्हणून कॉन्फिगसाठी मी ते बाद केलं. इनी फाइल पायथनच्या कॉन्फिगपार्सरने वाचत असाल तर दोन गोष्टी: कीची नावं तो सगळी छोट्या अक्षरांत करतो, आणि पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह असेल तर अडतो, कारण त्याच्या लेखी त्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे. इंटरपोलेशन, म्हणजे एका किमतीत दुसरी भरायची ती सोय, बंद केलं की अडचण मिटते.

कॉन्फिगमध्ये किंवा डेटात मराठी मजकूर असेल, आणि आपल्याकडे नावं, पत्ते, एसएमएसचे मसुदे असतातच, तर फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. न लिहिल्यास विंडोजवर पायथन आजवर संगणकाची स्थानिक एन्कोडिंग धरत आलाय, आणि 'ज्ञानेश्वर'ऐवजी अगम्य चिन्हं येतात किंवा फाइल वाचताना कोलमडते. लिनक्सवर तीच टेस्ट पास. टॉमल कायम यूटीएफ-८ असतं, तेव्हा तिथं हा प्रश्न नाही.

## ६. गुपितं

पासवर्ड, टोकन, एपीआय की रेपोत जायला नकोत, रेपो खाजगी असला तरी. त्यांची जागा .एन्व्ह फाइलीत, आणि .एन्व्हचं नाव .गिटइग्नोरमध्ये. शेजारी .एन्व्ह.नमुना ठेवा: त्यात सगळ्या कीजची नावं, किमती रिकाम्या, आणि कॉमेंटमध्ये ती किंमत कुणाकडे मागायची ते. 'यूएटी ॲडमिनचा पासवर्ड: क्यूए लीडकडे' एवढंही पुरतं.

.गिटइग्नोर हे आधीच कमिट झालेल्या फाइलीला लागू होत नाही. फाइल चुकून गेली असेल तर 'गिट आरएम' आदेश 'कॅश्ड' पर्यायासह देऊन ती गिटच्या नजरेतून काढा. तुमच्या डिस्कवर ती राहते. पण जुन्या कमिटमध्ये पासवर्ड तसाच असतो. म्हणून पहिलं काम पासवर्ड बदलायचं, इतिहास साफ करायचं नंतर. लाज वाटून गप्प बसू नका. मी एकदा दोन दिवस गप्प बसले होते आणि तेवढ्यात ते टोकन आणखी तिघांनी आपापल्या फाइलींत नकलून घेतलं होतं.

.एन्व्हमधून येणारी प्रत्येक किंमत मजकूर असते, हे विसरलात की पुढचा सापळा तयारच आहे. 'हेडलेस' पुढे 'फॉल्स' लिहिलं आणि कोडमध्ये त्याला 'बूल' लावलं, तर उत्तर 'खरं' येतं. मजकूर रिकामा नाही ना, मग तो खराच! 'ट्रू', '१', 'येस' अशा शब्दांशी तुलना करणारं छोटं फंक्शन लिहा आणि सगळीकडे तेच वापरा.

## ७. कोण कोणावर मात करतं ते ठरवा, आणि छापा

आमचा क्रम असा, वरचा खालच्याला हटवतो:

१. टर्मिनलवर दिलेला पर्याय
२. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल
३. .एन्व्ह
४. त्या सर्व्हरची टॉमल
५. मूळ.टॉमल

हा क्रम सेटिंग्ज.पीवायच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये लिहा. टेस्ट्सनी कुठलीही किंमत याच फाइलीतून घ्यायची. एखाद्या टेस्टमध्ये थेट 'ओएस.एन्व्हायर्न' दिसलं की मी रिव्ह्यूत परत पाठवते. सगळे मार्ग एका दारातून जातात तोवरच किंमत कुठून आली ते सांगता येतं.

दुसरा आणि तिसरा क्रमांक नीट बघा. पायथन-डॉटएन्व्ह आधीपासून असलेल्या व्हेरिएबलला हात लावत नाही. टर्मिनलमध्ये सकाळी काही सेट केलं असेल तर दुपारी .एन्व्हमध्ये कितीही बदल करा, जुनीच किंमत येत राहते. विंडोजवर 'सेटएक्स' वापरणाऱ्यांची दुहेरी पंचाईत: ती किंमत उघड्या खिडकीत येत नाही, फक्त नव्या खिडकीत येते, आणि संगणक बंद करून चालू केला तरी जात नाही. असा एक सेटएक्स मी एकदा केला होता. पुढच्या प्रकल्पात त्याने माझा अर्धा दिवस खाल्ला.

यावर इलाज आहे. टेस्ट सुरू होताना पायटेस्ट वरच्या काही ओळींत 'रूटडिर' आणि 'कॉन्फिगफाइल' छापतं. काही विचित्र घडलं की आधी तिथं बघा. दुसऱ्या पायरीतली रिकामी इनी फाइल तिथंच पकडली जाते. त्यात आपली भर घालायला 'पायटेस्ट_रिपोर्ट_हेडर' हा हुक आहे. वरच्या कॉन्फटेस्टमध्ये तो लिहून सर्व्हरचं नाव, पत्ता, ब्राउझर छापा, आणि प्रत्येकापुढे ती किंमत कुठल्या पायरीवरून आली तेही. 'पत्ता: क्यूए सर्व्हर, आला: .एन्व्ह'. पासवर्ड छापू नका; 'आहे' किंवा 'नाही' एवढंच.

सगळ्या पायऱ्यांतली एकच करायला वेळ असेल तर ही करा. आमच्याकडे "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य आल्यावर आता वाद होत नाही. दोघांच्या स्क्रीनवरच्या वरच्या पाच ओळी शेजारी ठेवायच्या.

## ८. सीआयवर नेताना

आम्ही गिटहब ॲक्शन्स वापरतो, त्याचंच सांगते. रेपोच्या सेटिंग्जमध्ये 'सीक्रेट्स अँड व्हेरिएबल्स' आहे. गुपितं सीक्रेट्समध्ये, सर्व्हरचं नाव वगैरे व्हेरिएबल्समध्ये. .एन्व्ह इथं नसतेच, त्यामुळे सेटिंग्ज.पीवायने ती नसली तरी कुरकुर करू नये.

सीक्रेटचं नाव चुकवलंत किंवा ते भरलंच नाही, तर एरर येत नाही. रिकामा मजकूर येतो. व्हेरिएबल आहे, पण आत काही नाही. 'नसेल तर ही मूळ किंमत घे' असं कोडमध्ये लिहिलेलं असलं तरी ती घेतली जात नाही, कारण व्हेरिएबल 'नाही' असं नसून 'रिकामा' आहे. मग पंधरा मिनिटं टेस्ट्स चालतात आणि प्रत्येक लॉगिनला नकार मिळतो. म्हणून सेटिंग्ज.पीवायमध्ये सुरुवातीलाच तपासा: लागणारी प्रत्येक की आहे का, आणि रिकामी नाही ना. नसेल तर तिचं नाव सांगून तिथंच थांबा. पहिल्याच कमी असलेल्या कीवर थांबू नका, कमी असलेल्या सगळ्यांची यादी एकदमच द्या. नाहीतर माणूस एक भरतो, चालवतो, दुसरी भरतो, पुन्हा चालवतो.

बाहेरच्या कुणी फोर्क (रेपोची स्वतःची नक्कल) करून पुल रिक्वेस्ट (बदल घ्यायची विनंती) पाठवली तर त्या रनला तुमची सीक्रेट्स मिळत नाहीत. ते सुरक्षिततेसाठीच आहे. अशा वेळी लॉगिन लागणाऱ्या टेस्ट्स फेल न होता स्किप होतील असं बघा, नाहीतर नव्या माणसाला वाटतं चूक त्याचीच.

लॉगमध्ये गिटहब सीक्रेट झाकून तारे दाखवतं, पण जशाच्या तशा किमतीलाच. ती तुकड्यांत किंवा एन्कोड करून छापलीत तर उघडी पडू शकते.

टेस्ट्स एकाच वेळी अनेक प्रोसेसवर चालवण्यासाठी एक्सडिस्ट लावाल तेव्हा एक आठवा: 'सेशन' व्याप्तीचं फिक्स्चर प्रत्येक वर्करमध्ये एकदा चालतं, सगळ्यांत मिळून एकदा नाही. चार वर्कर एकाच टेस्ट युझरने लॉगिन करून एकमेकांना बाहेर काढत बसतात. कॉन्फिगमध्ये युझरांची यादी ठेवा आणि 'वर्कर_आयडी' बघून प्रत्येकाला वेगळा द्या.

## ९. नव्या माणसाला बसवून बघा

टीममध्ये कुणी नवीन आलं की मी त्याच्या शेजारी बसते आणि काही बोलत नाही. रेपो क्लोन कर, .एन्व्ह.नमुन्याची नक्कल .एन्व्ह नावाने कर, किमती भर, चालव. जिथं तो मला काही विचारतो तिथं काहीतरी लिहायचं राहिलेलं असतं. गेल्या वेळी तो तीन ठिकाणी अडला. त्यातल्या दोन ठिकाणी रीडमी जुनी होती. तिसऱ्या ठिकाणी मूळ.टॉमलमध्ये 'जुना_टाइमआउट' नावाची की होती, तो म्हणाला, "ताई, ही कशासाठी?" कोडमध्ये शोधलं तर ती कुणीच वापरत नव्हतं. त्याच्याकडूनच काढून टाकली. त्याचा पहिला कमिट तोच.